पालकांविना आलेली निर्वासित मुले: आसरा आणि पालकत्वाचा प्रश्न

युद्ध, यादवी किंवा छळ यांमुळे देश सोडावा लागलेल्या लोकांमध्ये आईवडिलांची साथ सुटलेली मुले हा सर्वांत असुरक्षित गट मानला जातो. अशा मुलाला अन्न, वस्त्र व निवारा पुरवणे हे संरक्षणाचे पहिले पाऊल असते. मुलाने कोठे राहावे, कोणाकडे जावे, मायदेशी परतावे की नाही, याचा निर्णय त्याच्या वतीने कोणी घ्यावा, हा प्रश्न त्याहून अवघड ठरतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पोलंडमधून परागंदा झालेल्या मुलांमुळे कोल्हापूरजवळील वळिवडे आणि जामनगरजवळील बालाचडी या छावण्यांना या प्रश्नाला तोंड द्यावे लागले. आज छत्तीसगडमधील भिलाईत किंवा देशाच्या अन्य कोणत्याही भागात असे मूल आढळल्यास त्याविषयीचा पहिला निर्णय जिल्ह्याची बाल कल्याण समिती घेते. या दोन टप्प्यांमधील काळात पालकत्वाची कल्पना कशी बदलत गेली आणि कोणत्या उणिवा अद्याप कायम आहेत, याचा हा आढावा.

संज्ञा आणि व्याप्ती

संयुक्त राष्ट्रांच्या परिभाषेत अशा मुलांचे दोन गट केले जातात. आईवडील आणि अन्य नातलग या सर्वांपासून दुरावलेले आणि ज्याची जबाबदारी कायद्याने वा रूढीने कोणाही प्रौढ व्यक्तीकडे नाही, असे १८ वर्षांखालील मूल ‘एकाकी बालक’ ठरते. आईवडिलांपासून दुरावलेले, परंतु आत्या, मामा, थोरला भाऊ अशा एखाद्या नातलगाबरोबर असलेले मूल ‘विलग बालक’ होय. दुसऱ्या गटातील मुलाबाबत, सोबतची व्यक्ती खरोखर नातलग आहे काय आणि तिच्या ताब्यात मूल सुरक्षित आहे काय, याची खातरजमा करावी लागते.

हे दोन्ही गट ‘अनाथ’ या संज्ञेपासून वेगळे आहेत. ताटातूट झालेल्या मुलाचे आईवडील हयात असू शकतात आणि अनेकदा तेही मुलाच्या शोधात असतात. म्हणूनच अशा मुलाला घाईने अनाथ ठरवणे ही त्याच्या हिताला बाधा आणणारी गोष्ट मानली जाते.

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्त कार्यालयाच्या अलीकडील वार्षिक अहवालांनुसार, जगभरात सक्तीने विस्थापित झालेल्या लोकांपैकी सुमारे ४० टक्के जण १८ वर्षांखालील आहेत. त्यांतील बहुसंख्य मुले कुटुंबासमवेत असतात. एकाकी मुलांची संख्या त्या मानाने कमी असली, तरी सक्तीची मजुरी, मानवी तस्करी, सशस्त्र गटांत भरती आणि बालविवाह यांचा धोका त्यांना अधिक असतो.

पोलंडची मुले भारतात कशी आली

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने पश्चिमेकडून आणि सोव्हिएत संघाने पूर्वेकडून पोलंडवर आक्रमण केले. सोव्हिएत ताब्यातील पूर्व पोलंडमधून १९४० आणि १९४१ या वर्षांत लाखो नागरिकांना सैबेरिया, कझाकस्तान आणि अन्य दुर्गम प्रदेशांत नेण्यात आले. जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावरच हल्ला केल्यानंतर परिस्थिती पालटली. जुलै १९४१ मध्ये लंडनमधील निर्वासित पोलिश सरकार आणि सोव्हिएत सरकार यांच्यात करार होऊन या बंदींच्या सुटकेचा मार्ग मोकळा झाला. जनरल अँडर्स यांच्या नेतृत्वाखाली पोलिश सैन्याची उभारणी सुरू झाली आणि १९४२ मध्ये सैनिक व नागरिक मिळून एक लाखाहून अधिक पोलिश लोक कॅस्पियन समुद्रामार्गे इराणमध्ये पोहोचले.

भूक, थंडी आणि रोगराईने या प्रवासात असंख्य कुटुंबे उद्ध्वस्त झाली. काही मुलांचे आईवडील दगावले. काहींचे वडील सैन्यात होते, तर आईचा ठावठिकाणा नव्हता. काही मातांनी, मूल निदान जगावे या आशेने, आपल्या मुलांना अनाथालयात दाखल केले होते. इराणमध्ये पोहोचलेल्या मुलांना भारत, पूर्व आफ्रिका, पॅलेस्टाइन, न्यूझीलंड आणि मेक्सिको अशा विविध ठिकाणी आसरा देण्यात आला.

भारतात आलेल्या मुलांची पहिली तुकडी याच सुमारास खुष्कीच्या मार्गाने आली. अश्काबाद, मशहद, झाहेदान आणि क्वेट्टा असा खडतर प्रवास मालमोटारींतून करून ही मुले १९४२ च्या पूर्वार्धात मुंबईत पोहोचली. वांद्रे येथे त्यांची तात्पुरती व्यवस्था करण्यात आली. मुंबईतील पोलिश महावाणिज्यदूत युजेनियुश बानासिन्स्की आणि त्यांच्या पत्नी किरा बानासिन्स्का यांनी या कामात पुढाकार घेतला होता.

बालाचडी: संस्थानिकाचा आश्रय

या मुलांसाठी कायम निवाऱ्याची सोय नवानगर संस्थानचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी केली. ख्यातनाम क्रिकेटपटू रणजितसिंहजी यांचे ते पुतणे व वारस होते. त्या वेळी ते नरेंद्र मंडळाचे अध्यक्ष आणि ब्रिटिश युद्ध मंत्रिमंडळातील भारतीय प्रतिनिधींपैकी एक होते. जामनगरपासून जवळ, समुद्रकिनाऱ्यावरील बालाचडी येथे आपल्या निवासस्थानाच्या परिसरात त्यांनी मुलांची छावणी उभारून दिली. छावणीच्या खर्चासाठी अन्य संस्थानिकांनी आणि उद्योगपतींनीही देणग्या दिल्या.

छावणीची व्यवस्था पोलिश धर्मगुरू फादर फ्रान्सिशेक प्लुटा यांच्याकडे होती. मुलांचे शिक्षण पोलिश भाषेत होत असे आणि सण, प्रार्थना व खेळ त्यांच्याच परंपरेनुसार चालत. मुले जामसाहेबांना ‘बापू’ म्हणून संबोधित. १९४२ ते १९४६ या काळात टप्प्याटप्प्याने येथे राहून गेलेल्या मुलांची संख्या साधारणपणे हजाराच्या घरात सांगितली जाते. छावणीच्या जागी आता बालाचडीची सैनिक शाळा आहे.

वळिवडे: कोल्हापूरजवळचे पोलिश गाव

बालाचडीची छावणी केवळ मुलांसाठी होती. कोल्हापूर संस्थानच्या हद्दीतील वळिवडे येथे १९४३ मध्ये सुरू झालेली छावणी तिच्याहून पुष्कळ मोठी होती. मिरज-कोल्हापूर लोहमार्गालगतच्या या वसाहतीत सुमारे पाच हजार पोलिश नागरिक राहत. त्यांत स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांचे प्रमाण अधिक होते, कारण धडधाकट पुरुष सैन्यात होते. छावणीची उभारणी भारतातील तत्कालीन ब्रिटिश सरकारने केली आणि खर्चाचा भार लंडनमधील निर्वासित पोलिश सरकारकडे होता.

वळिवड्यात शाळा, रुग्णालय, चर्च, रंगमंच आणि बालवीर पथके होती. आईसमवेत आलेली मुले बराकींतील घरांत राहत, तर एकाकी मुलांसाठी स्वतंत्र अनाथालय होते. प्रकृतीने अशक्त असलेल्यांची हवापालटासाठी पाचगणी येथे व्यवस्था केली जात असे. बालाचडीची छावणी १९४६ मध्ये बंद झाल्यानंतर तेथील उर्वरित मुलांनाही वळिवड्यास हलवण्यात आले.

या दोन्ही छावण्यांचे एक वैशिष्ट्य आजच्या अभ्यासकांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. मुलांना त्यांची भाषा, धर्म आणि शिक्षक यांच्यापासून तोडण्यात आले नाही. त्याच वेळी त्यांचा भोवतालच्या समाजाशी असलेला संबंध मर्यादित राहिला, कारण युद्ध संपताच ही मुले मायदेशी परततील असे सर्वांनी गृहीत धरले होते. हेच गृहीतक पुढे कोलमडले.

१९४५ नंतरचा पेच

जुलै १९४५ मध्ये ब्रिटन आणि अमेरिका यांनी लंडनमधील निर्वासित पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि वॉर्सातील, सोव्हिएत प्रभावाखालील नव्या सरकारला मान्यता दिली. यामुळे छावण्यांतील मुलांची कायदेशीर स्थिती एका रात्रीत बदलली. ज्या सरकारने त्यांचा सांभाळ चालवला होता, त्याला आंतरराष्ट्रीय व्यवहारात स्थान उरले नाही. नव्या सरकारची भूमिका, ही मुले पोलंडची नागरिक आहेत आणि त्यांना परत पाठवावे, अशी होती.

छावणीतील बहुतेकांचा याला विरोध होता. ज्या पूर्व पोलंडमधून त्यांना हाकलण्यात आले होते, तो प्रदेश आता सोव्हिएत संघात समाविष्ट झाला होता. परतण्यासाठी त्यांचे गाव पोलंडमध्ये उरले नव्हते. प्रौढ माणूस परत जाण्यास नकार देऊ शकत होता. एकाकी मुलाच्या वतीने नकार देण्याचा अधिकार कोणाला, हा खरा पेच होता.

तत्कालीन आंतरराष्ट्रीय नियमही मुलांच्या बाजूने निःसंदिग्ध नव्हते. डिसेंबर १९४६ मध्ये मंजूर झालेल्या आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेच्या घटनेत १६ वर्षांपर्यंतच्या एकाकी मुलांना अग्रक्रमाने साहाय्य देण्याची तरतूद होती. मात्र ज्या मुलांचे राष्ट्रीयत्व निश्चित करता येईल, त्यांना सर्वसाधारणपणे मायदेशी परतण्यास साहाय्य करावे, असेही त्याच कलमात नमूद होते. मूल कोणत्या राष्ट्राचे, या प्रश्नाला मुलाच्या इच्छेपेक्षा अधिक वजन होते.

या पेचावर बालाचडीत काढलेला मार्ग अनुराधा भट्टाचार्जी यांच्या संशोधनातून पुढे आला. जामसाहेब, फादर प्लुटा आणि ब्रिटिश संपर्क अधिकारी जेफ्री क्लार्क यांनी अनाथ मुलांना संयुक्तपणे कायदेशीर दत्तक घेतले. त्यामुळे या मुलांना पालक मिळाले आणि त्यांच्या वतीने नकार देण्याचा अधिकार असलेल्या व्यक्ती निर्माण झाल्या. परतण्याची सक्ती टळली. १९४८ पर्यंत वळिवड्याची छावणी रिकामी झाली. काही जण पोलंडला परतले. ज्यांचे वडील वा भाऊ पोलिश सैन्यात होते, त्यांतील अनेकांना ब्रिटनमध्ये प्रवेश मिळाला. अन्य लोक पूर्व आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि अमेरिका येथे गेले.

रिकाम्या झालेल्या वळिवडे छावणीच्या जागी फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना वसवण्यात आले. ती वसाहत आज गांधीनगर या नावाने आणि कापडाच्या बाजारपेठेसाठी ओळखली जाते.

अन्य देशांतील मार्ग

पालकत्वाचा हाच प्रश्न त्या काळात अन्य देशांपुढेही उभा होता. डिसेंबर १९३८ ते सप्टेंबर १९३९ या काळात नाझी राजवटीखालील प्रदेशांतून सुमारे दहा हजार मुले, बहुतांश ज्यू, ब्रिटनमध्ये आणण्यात आली. त्यांना कुटुंबांत व वसतिगृहांत ठेवण्यात आले, परंतु अनेक वर्षे त्यांना कायदेशीर पालक नव्हता. अखेर ब्रिटिश संसदेने १९४४ मध्ये निर्वासित मुलांच्या पालकत्वाचा स्वतंत्र कायदा केला आणि त्यानुसार लॉर्ड गोरेल यांची या मुलांचे पालक म्हणून नियुक्ती झाली. हजारो मुलांसाठी एकच पालक ही रचना नावापुरती असली, तरी संमती देण्याचा वा नाकारण्याचा अधिकार कोणाकडे आहे हे तिच्यामुळे निश्चित झाले.

न्यूझीलंडने सातशेहून अधिक पोलिश मुलांना आमंत्रित केले. ही मुले इराणहून मुंबईत आली, तेथे त्यांनी जहाज बदलले आणि १९४४ च्या अखेरीस ती पाहियातुआ येथील छावणीत पोहोचली. युद्धानंतर सरकारने त्यांना तेथेच राहण्याची मुभा दिली आणि त्यांतील बहुतेकांनी न्यूझीलंडलाच आपला देश मानले.

अलीकडच्या काळात इटलीने २०१७ मध्ये केलेला कायदा उल्लेखनीय ठरला. त्यानुसार प्रशिक्षित स्वयंसेवी नागरिकांची नोंद बाल न्यायालयांत ठेवली जाते आणि एकाकी मुलासाठी त्यांतून पालक नेमला जातो. नेदरलँड्समध्ये निदोस ही संस्था अशा मुलांचे पालकत्व स्वीकारते. संस्थेतील विशिष्ट व्यक्ती विशिष्ट मुलासाठी उत्तरदायी असते, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य आहे.

आंतरराष्ट्रीय नियमांतील बदल

संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्क संहिता स्वीकारली. भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी ती मान्य केली. संहितेच्या २२ व्या कलमानुसार, निर्वासित मूल आईवडिलांसमवेत असो वा एकाकी, त्याला संरक्षण व मानवतावादी साहाय्य मिळाले पाहिजे. त्याच्या कुटुंबाचा शोध घेतला पाहिजे आणि शोध निष्फळ ठरल्यास, कुटुंबाला मुकलेल्या अन्य कोणत्याही मुलाइतकेच संरक्षण त्याला दिले पाहिजे.

संहितेच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवणाऱ्या समितीने २००५ मध्ये या विषयावर सविस्तर भाष्य प्रसिद्ध केले. त्यातील प्रमुख सूत्रे पुढीलप्रमाणे आहेत:

– एकाकी मुलाची ओळख पटताच त्याच्यासाठी शक्य तितक्या लवकर पालक नेमावा. आश्रयाचा अर्ज करावयाचा असल्यास कायदेशीर प्रतिनिधीही द्यावा.

– वयाविषयी शंका असल्यास संशयाचा फायदा मुलाला द्यावा.

– केवळ परदेशी असल्यामुळे किंवा कागदपत्रांच्या अभावी मुलाला कोठडीत ठेवू नये.

– जेथे मुलाला गंभीर हानी होण्याचा धोका आहे, अशा देशात त्याला परत पाठवू नये.

– कुटुंबाचा शोध घेताना मुलाची माहिती मायदेशाच्या यंत्रणांकडे जाऊन त्याला वा त्याच्या नातलगांना धोका पोहोचणार नाही, याची दक्षता घ्यावी.

– दत्तकविधानाचा विचार कुटुंबाचा शोध निष्फळ ठरल्यावरच करावा. आणीबाणीच्या परिस्थितीत तो घाईने करू नये.

यांतील शेवटचे सूत्र लावून पाहिले, तर बालाचडीतील सामूहिक दत्तकविधान आजच्या निकषांवर सहज मान्य होणार नाही. ज्यांच्या नातलगांचा शोध लागू शकतो अशा मुलांना दत्तक देण्याचा निर्णय आता अत्यंत सावधपणे घ्यावा लागतो. तथापि त्या काळी पालक नेमण्याचा दुसरा मार्ग उपलब्ध नव्हता. ज्या कामासाठी तेव्हा दत्तकविधानाचा आधार घ्यावा लागला, ते काम आज नियुक्त पालक आणि ‘बालकाचे सर्वोत्तम हित’ हे तत्त्व यांच्याद्वारे व्हावे, अशी अपेक्षा आहे.

स्वातंत्र्योत्तर भारताचा अनुभव

भारताने १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर व त्यासंबंधीच्या १९६७ च्या नियमपत्रावर स्वाक्षरी केलेली नाही आणि निर्वासितांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय कायदाही केलेला नाही. तरीही देशाने मोठ्या संख्येने निर्वासितांना आश्रय दिला आहे.

दलाई लामा १९५९ मध्ये भारतात आल्यानंतर तिबेटी निर्वासितांतील अनेक प्रौढांना डोंगराळ भागात रस्तेबांधणीचे काम मिळाले. तेथे मुलांची आबाळ होत असे. मे १९६० मध्ये जम्मूतील अशा छावण्यांतून ५१ मुले धरमशाला येथे आणण्यात आली आणि त्यांच्या संगोपनगृहातून पुढे तिबेटी बालग्राम ही संस्था उभी राहिली. एका गृहमातेच्या देखरेखीखाली मुलांचे घर, ही तिची पद्धत आहे. पुढील दशकांत तिबेटमधून पालकांनी शिक्षणासाठी पाठवलेली अनेक मुलेही हिमालय ओलांडून एकाकी या संस्थेत आली. २००८ नंतर सीमेवरील निर्बंध कडक झाल्याने हे प्रमाण अतिशय घटले.

आज छत्तीसगडमध्ये असलेल्या सरगुजा जिल्ह्यातील मैनपाट येथे १९६० च्या दशकाच्या प्रारंभी, तर महाराष्ट्रात सध्याच्या गोंदिया जिल्ह्यातील प्रतापगड परिसरात १९७२ मध्ये तिबेटी वसाहती स्थापन झाल्या. या वसाहतींत मुले प्रामुख्याने कुटुंबासमवेत राहिली.

भिलाईपासून जवळ, रायपूरनजीकच्या माना येथे पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांसाठी १९६४ पासून मोठी छावणी होती. तेथून कुटुंबांना दंडकारण्य प्रकल्पाच्या क्षेत्रात वसवले जात असे. ज्या घरांत शेती वा मजुरी करू शकेल असे कोणी नव्हते, अशा निराधार स्त्रिया, वृद्ध, अपंग आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या व्यक्तींची नोंद प्रशासन ‘कायम दायित्व’ या वर्गात करीत असे. पुनर्वसनाची मोजणी कुटुंबानुसार आणि कमावत्या हातांनुसार होत असल्याने, आधार नसलेली व्यक्ती सरकारी भाषेत एक ‘दायित्व’ ठरत असे. मुलाकडे हक्कधारक म्हणून पाहण्याची दृष्टी पुढे बालहक्क संहिता आणि तिच्यावर आधारित कायद्यांतून आली.

दुर्ग-भिलाईचे उदाहरण: सध्याची कार्यपद्धती

मुंबई-हावडा या प्रमुख लोहमार्गावरील दुर्ग आणि भिलाई ही स्थानके देशाच्या सर्व भागांतील प्रवाशांची ये-जा पाहतात. पोलाद कारखान्यामुळे भिलाईत मराठीसह अनेक भाषा बोलणारी कुटुंबे स्थायिक झाली आहेत. अशा ठिकाणी परदेशातून आलेले एकाकी मूल आढळल्यास कोणती प्रक्रिया लागू होते, हे समजून घेणे उपयुक्त आहे.

बाल न्याय अधिनियम, २०१५ हा कायदा जानेवारी २०१६ पासून अमलात आहे. त्यात ‘बालक’ म्हणजे १८ वर्षे पूर्ण न झालेली व्यक्ती. नागरिकत्वाची अट त्यात नाही. म्हणून परदेशी मूलही, निराधार असल्यास, ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ ठरते.

मूल आढळल्यावर पोलीस, रेल्वे सुरक्षा दल, स्वयंसेवी संस्था किंवा कोणीही नागरिक त्याची माहिती देऊ शकतो. बालकांसाठीची १०९८ ही दूरध्वनी सेवा १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून सुरू झाली होती. २०२३ पासून ती शासकीय यंत्रणेमार्फत चालवली जाते. प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत मुलाला जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे हजर करणे बंधनकारक आहे. भिलाई दुर्ग जिल्ह्यात असल्याने तेथील प्रकरण दुर्गच्या समितीपुढे येते.

समितीत अध्यक्ष व चार सदस्य असतात. त्यांत किमान एक महिला असणे आवश्यक आहे. समितीला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. ती मुलाची बालगृहात किंवा योग्य व्यक्तीकडे व्यवस्था करते, सामाजिक अन्वेषणाचा आदेश देते आणि मुलाला प्रथम हजर केल्यापासून चार महिन्यांत अंतिम आदेश देणे तिच्याकडून अपेक्षित असते. वयाचा पुरावा म्हणून शाळेचा वा स्थानिक संस्थेचा जन्मदाखला ग्राह्य धरला जातो. तो नसल्यास वैद्यकीय चाचणीचा आधार घेतला जातो.

शिक्षण हक्क अधिनियम, २००९ मधील ‘बालक’ या शब्दाच्या व्याख्येतही नागरिकत्वाचा उल्लेख नाही. सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलाला शाळेत प्रवेश देताना ही बाब महत्त्वाची ठरते.

कायद्यांतील विसंगती आणि उणिवा

परदेशी व्यक्तीच्या प्रवेशाविषयीचे कायदे मात्र वेगळ्या दृष्टीने लिहिलेले आहेत. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याची जागा सप्टेंबर २०२५ पासून स्थलांतर व परकीय नागरिक अधिनियम, २०२५ ने घेतली आहे. वैध कागदपत्रांविना देशात असणे हा त्यानुसार गुन्हा ठरतो. त्यामुळे एकच मूल एका कायद्याच्या दृष्टीने संरक्षणास पात्र, तर दुसऱ्याच्या दृष्टीने बेकायदा प्रवेश केलेली व्यक्ती ठरू शकते. अशा वेळी प्रथम कोणता कायदा लावला जातो, हे बहुधा मूल प्रथम कोणत्या अधिकाऱ्याच्या हाती लागते त्यावर अवलंबून राहते.

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये चकमा निर्वासितांच्या प्रकरणात, जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क नागरिक नसलेल्यांनाही आहे, असा निर्वाळा दिला. रोहिंग्या निर्वासितांविषयीच्या एप्रिल २०२१ च्या आदेशात न्यायालयाने हेच तत्त्व पुन्हा मान्य केले. मात्र देशाबाहेर न पाठवले जाण्याचा हक्क हा भारतात वास्तव्य करण्याच्या हक्काशी निगडित असून तो केवळ नागरिकांना आहे, असेही नमूद केले. एकाकी मुलाच्या संदर्भात ही मर्यादा विशेष गंभीर आहे, कारण परत पाठवल्यावर त्याला स्वीकारणारे कोणी असेलच असे नाही.

दुसरी उणीव पालकत्वाची आहे. बाल कल्याण समिती प्रत्यक्ष सांभाळ करणाऱ्या व्यक्तीला पालक म्हणून मान्यता देऊ शकते आणि १८९० च्या पालक व पाल्य कायद्यान्वये जिल्हा न्यायालयही पालक नेमू शकते. तथापि प्रत्येक एकाकी परदेशी मुलासाठी स्वतंत्र पालक किंवा कायदेशीर प्रतिनिधी आपोआप नेमला जाईल, अशी तरतूद नाही. मूल बालगृहाच्या अधीक्षकांच्या देखरेखीखाली राहते. त्याच्या आश्रयाच्या अर्जाचा पाठपुरावा, नातलगांचा शोध आणि शिक्षण या तिन्ही गोष्टी एका व्यक्तीची जबाबदारी ठरत नाहीत.

तिसरी अडचण मुदतीची आहे. अनाथ वा परित्यक्त मुलाला दत्तकासाठी कायदेशीरदृष्ट्या मुक्त घोषित करण्याची मुदत दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी दोन महिने आणि त्यांहून मोठ्या मुलांसाठी चार महिने आहे. देशातील मुलांना वर्षानुवर्षे संस्थेत राहावे लागू नये, हा या मुदतीमागील हेतू योग्यच आहे. परंतु सीमेपलीकडे, युद्धग्रस्त प्रदेशात विखुरलेल्या कुटुंबाचा शोध इतक्या अवधीत लागणे कठीण असते. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीच्या शोधयंत्रणेलाही अनेकदा वर्षे लागतात. म्हणून शोध अपूर्ण असताना परदेशी मुलाला अनाथ ठरवले जाणार नाही, याची जबाबदारी समितीवर येते.

भाषा ही चौथी अडचण होय. जिल्हा बाल संरक्षण कक्षाने दुभाष्यांची यादी ठेवणे अपेक्षित आहे. बहुभाषिक भिलाईत तेलुगू, बांगला वा मराठी जाणणारी व्यक्ती सहज मिळते. म्यानमारच्या वा अफगाणिस्तानच्या एखाद्या भाषेचा जाणकार मिळणे मात्र दुष्कर असते. आपली हकीकत सांगता न आलेल्या मुलाविषयी घेतलेला निर्णय अपुऱ्या माहितीवर आधारलेला असतो. वळिवड्याच्या मुलांना निदान त्यांच्या भाषेत बोलणारे शिक्षक आणि धर्मगुरू सोबतीला होते.

स्मृती आणि सद्यःस्थिती

वॉर्सा शहरात ‘भल्या महाराजांचा चौक’ या नावाने जामसाहेबांचे स्मारक आहे. कोल्हापुरात महावीर उद्यानात पोलिश नागरिकांच्या वास्तव्याची आठवण देणारा स्मृतिस्तंभ असून शहरात त्यांची दफनभूमीही आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी पोलंडच्या दौऱ्यात जामसाहेबांच्या आणि कोल्हापूरच्या स्मृत्यर्थ वॉर्सात उभारलेल्या स्मारकांना अभिवादन केले. बालाचडी व वळिवडे येथे बालपण घालवलेल्या व्यक्ती आता वयाच्या नव्वदीच्या आसपास आहेत आणि त्यांची संख्या झपाट्याने घटत आहे.

प्रमुख घटनाक्रम

१९४२: पोलिश मुलांची पहिली तुकडी मुंबईत. बालाचडी छावणीची स्थापना.
१९४३: वळिवडे येथे पोलिश निर्वासितांची छावणी सुरू.
१९४४: ब्रिटनमध्ये निर्वासित मुलांच्या पालकत्वाचा कायदा.
१९४५: लंडनमधील निर्वासित पोलिश सरकारची मान्यता समाप्त.
१९४६: बालाचडी छावणी बंद. उर्वरित मुले वळिवड्यात.
१९४८: वळिवड्यातील पोलिश वास्तव्याची अखेर.
१९६०: धरमशाला येथे तिबेटी मुलांच्या संगोपनगृहाची स्थापना.
१९६४: रायपूरनजीक माना येथे पूर्व पाकिस्तानातील निर्वासितांसाठी छावणी.
१९८९: संयुक्त राष्ट्रांची बालहक्क संहिता.
१९९२: भारताची संहितेस मान्यता.
२००५: एकाकी व विलग बालकांविषयी संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीचे भाष्य.
२०१६: बाल न्याय अधिनियम, २०१५ अमलात.
२०२५: स्थलांतर व परकीय नागरिक अधिनियम, २०२५ अमलात.